जावेला झोप लागते, मला का नाही?

“ताई, आमचं घर अशोक चौकाच्या मागे. हे आणि दीर मिळून एमआयडीसीत आठ माग चालवतात, टॉवेलचे. वही मी लिहिते, कॉमर्स झालंय म्हणून. गेल्या पावसाळ्यात बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याला माल दिला, त्याचे ४ लाख ६० हजार सात महिने अडकलेत. फोन केला की ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणतो. बँकेचा हप्ता दर १० तारखेला. माझ्या आईच्या पाटल्या तारण ठेवल्यात. लेक बारावीला. मला रोज पहाटे तीनला जाग येते, छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं, मग उजाडेपर्यंत डोळा लागत नाही. परवा लेकीवर उगाच खेकसले. आणि आमची धाकटी जाऊ? घर एक, धंदा एक, कर्ज एक. ती दहाला आडवी झाली की सकाळीच उठते. संक्रांतीला पोरांना घेऊन गड्ड्याच्या जत्रेला गेली, पाळण्यात बसली, भजी खाऊन हसत आली. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, तू कशाला टेन्शन घेतीस? वय माझं ४३. ताई, मी मनानं कच्ची आहे का?”
— एक वाचक, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

नाही, तुम्ही कच्च्या नाही. हे आधी सांगून टाकते. पहाटे तीनला तो व्यापारी तुमची जितकी झोप खातो त्याहून जास्त हा प्रश्न खात असणार, आणि व्यापाऱ्याचं माहीत नाही, पण याचं देणं तरी मला लगेच चुकतं करता येतं.

आता हिशोब. “घर एक, धंदा एक, कर्ज एक” ही तुमची बेरीज मला पटली नाही. वही तुम्ही लिहिता. दहा तारखेला किती कमी पडणार ते तुम्हाला दोन तारखेलाच आकड्यात दिसतं; जावेच्या कानावर फक्त “पैसे अडकलेत” एवढंच. पाटल्या तुमच्या आईच्या. बारावीला लेक तुमची. तिची पोरं अजून पाळण्यात बसायच्या वयाची. कर्जाचा कागद एक असेल, पण त्या कागदामागे तुमचं जे गहाण पडलंय ते तिचं पडलेलं नाही. मग झोप सारखी कशी लागेल?

ताणाचा अभ्यास करणाऱ्यांनाही हे उमगायला वेळ लागला. १९३६ साली शास्त्रज्ञ हान्स सेली यांनी उंदरांवरच्या प्रयोगांवरून मांडलं की थंडी असो, जखम असो की अतिश्रम, शरीर सगळ्याला एकाच ठरावीक तऱ्हेनं तोंड देतं. म्हणजे बोजा महत्त्वाचा, कुणावर पडला ते गौण. मग १९६७ मध्ये होम्स आणि राहे या दोन अमेरिकी डॉक्टर-संशोधकांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०. वर्षभरात काय काय घडलं त्यावर खुणा करा, बेरीज मारा, झाला ताण मोजून. किराण्याच्या यादीसारखं सोपं. पण मनाजोगत्या मुलाशी झालेलं लग्न आणि गळ्यात बांधलेलं लग्न, दोघांना पन्नासच? आपल्याकडच्या कुठल्याही बाईनं हे पहिल्या मिनिटाला विचारलं असतं.

अमेरिकेत हा धागा पकडला रिचर्ड लाझारस या मानसशास्त्रज्ञानं. त्याचा नि त्याच्या सहकाऱ्यांचा १९६४ मधला एक प्रयोग मला फार आवडतो. माणसांना एक फिल्म दाखवली. एका आदिवासी समाजातला दीक्षाविधी, त्यात मुलांच्या अंगावर धारदार हत्यारानं केलेल्या जखमा. बघणाऱ्यांच्या छातीचे ठोके आणि कातडीवरचा घाम मोजत होते. चित्र सगळ्यांना तेच, मागून येणारं निवेदन मात्र वेगवेगळं. एका गटाला वेदनेवर बोट ठेवणारं निवेदन ऐकवलं, दुसऱ्याला “मुलांना विशेष दुखत नाही, हा आनंदाचा प्रसंग आहे” असं सांगणारं, तिसऱ्याला अभ्यासकाच्या कोरड्या आवाजातलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाची शरीरं पहिल्यापेक्षा बरीच शांत राहिली. जखम तीच, रक्त तेच.

तुमच्या घरातही एकच फिल्म चालू आहे. तुमच्या कानात एक निवेदक बोलतोय, जावेच्या कानात दुसरा. दिरांच्या कानात कदाचित क्रिकेटची कॉमेंट्री.

पुढे १९८४ मध्ये लाझारस आणि सुझन फोकमन यांनी हे सगळं नीट बांधून मांडलं. कुठलीही गोष्ट समोर आली की मन आपल्याला न विचारता दोन सवाल टाकतं. यात माझं काय जाणार आहे? आणि, माझ्या हातात काय आहे? पहिल्याचं उत्तर मोठं आणि दुसऱ्याचं रिकामं निघालं की छातीवर पाटा येतो. नुसत्या मोठ्या संकटानं येत नाही. संकट मोठं पण हात भरलेले, तर माणूस थकतो, घाबरत नाही. उलट हात रिकामे वाटले तर गॅसचं सिलिंडर संपल्यावरही रडू येतं.

पहिल्या सवालाच्या उत्तरालाही छटा आहेत. काही गेलंच आहे असं वाटणं ही एक. पाटल्यांबद्दल तुम्हाला तसं वाटतंय, हे तुमच्या अक्षरावरून कळतं. काही जाईल ही धास्ती दुसरी, हप्त्याची आहे. आणि तिसरी म्हणजे “बघूच आता”. तुमच्या लेकीला बारावी कदाचित अशी दिसत असेल. तुम्हाला तिच्या परीक्षेची धास्ती आणि तिला ईर्ष्या, असं असलं तर तुमचं खेकसणं तिला नक्कीच कळलं नसणार. तिला एकदा विचारा, परीक्षेचं तुला काय वाटतं? उत्तर ऐकेपर्यंत मधे बोलू नका. हे अवघड आहे, मी आई आहे, मला माहीत आहे.

ताण मोजायची आज जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे, शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये केलेली. तिच्या छोट्या आवृत्तीत दहाच प्रश्न आहेत, आणि कर्ज किती, आजार कुठला, नवरा कसा, असलं काहीच त्यात नाही. गेल्या महिन्याभरात महत्त्वाच्या गोष्टी आपल्या ताब्यात नाहीत असं किती वेळा वाटलं? अडचणींचा ढीग डोक्यावरून गेला असं किती वेळा वाटलं? आपल्या अडचणी आपण निभावू अशी खात्री किती वेळा वाटली? “कधीच नाही”पासून “फार वेळा”पर्यंत उत्तर द्यायचं. म्हणजे मोजलं जातं ते ‘वाटणं’. जे वाटतं ते खोटं असतं, असा याचा अर्थ मुळीच नाही. कर्ज खरं आहे. छातीवरचा पाटाही खरा आहे.

म्हणूनच “टेन्शन घेऊ नको” या वाक्यावर माझा राग आहे. आपल्या भाषेची गंमत बघा. ताप ‘येतो’, सर्दी ‘होते’, पण टेन्शन आपण ‘घेतो’. जणू मंगळवार बाजारातून पिशवी भरून आणलं. घेतलं म्हणजे दोष घेणारीचा, नि परत करायची जबाबदारीही तिचीच. तुमचे यजमान वाईट हेतूनं बोलत नाहीत. त्यांनाही दुसरं काय म्हणायचं ते सुचत नसेल. पण त्या वाक्यानं तुमच्या पहिल्या ओझ्यावर दुसरं ठेवलं: आधी व्यापाऱ्याची काळजी, वर काळजी करते म्हणून अपराधीपण.

(सोलापुरात बसून ‘ताण’ लिहायचं आणि मागाचा ताणा, म्हणजे उभे धागे, आठवायचा नाही, हे अवघड. मोह आवरते. एवढंच म्हणते की मागावर ताण्याच्या सगळ्या धाग्यांना ताण सारखा बसावा म्हणून कारागीर जीव टाकतो. घरात तसं बघणारं कुणी नसतं. एक धागा ताणून ताणून तुटायला येतो नि शेजारचा सैल असतो.)

बरं, करायचं काय. आधी दुसऱ्या सवालाकडे जाऊ, हातात काय आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून वाटतं की तुमच्या मते काहीच नाही. मला तसं दिसत नाही.

तुमच्या युनिटची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का, आणि माल देण्याच्या आधीची आहे का, ते बघा. असेल तर २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा तुमच्या बाजूनं आहे. लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांच्या वर मुदत घेता येत नाही. काहीच ठरलेलं नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या ‘बँक रेट’ या व्याजदराच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. आता तुम्ही म्हणाल, तक्रार केली तर गिऱ्हाईक तुटेल. यजमानांचं मन तिथंच अडत असणार, आणि ती भीती वेडेपणाची नाही. गिऱ्हाईक हे पण गहाण पडलेलंच आहे. म्हणून आधी दुसरी किल्ली फिरवा. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात अशी तरतूद आहे की सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल मुदतीत दिलं नाही तर खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षात दाखवता येतो. तुमच्या व्यापाऱ्याची मुदत केव्हाच टळली आहे. त्यानं ३१ मार्चच्या आत पैसे दिले तर त्याचा या वर्षीचा कर वाचतो, नाही तर तेवढ्या रकमेवर त्याला यंदा कर बसेल. हे त्याच्याच फायद्याचं आहे, आणि भांडण न करता सांगता येतं: “शेठ, मार्च एंड आहे, तुमच्या सीएला एकदा विचारा.” आपल्या सीएकडून नोंदणी आणि तारखा तपासून घ्या, आणि ते पत्र वही लिहिणाऱ्या बाईनंच लिहावं. ४ लाख ६० हजार एका पत्रानं येतील असं मी म्हणत नाही. पण पत्र टाकलं त्या रात्री हात आदल्या रात्रीइतके रिकामे वाटणार नाहीत.

काही गोष्टी मात्र खरोखर हातात नाहीत. सुताचा भाव, बाजारातली मागणी, व्यापाऱ्याची नियत. अभ्यासक सामना करण्याच्या दोन वाटा सांगतात: प्रश्नाला भिडणं, आणि प्रश्नामुळे मनात जे उसळतं ते सांभाळणं. पहिली मर्दानी आणि दुसरी रडूबाई, असा एक समज आहे, तो काढून टाका. जिथं हात पोचतो तिथं भिडायचं, जिथं पोचत नाही तिथं मन सांभाळायचं. गोंधळ होतो तो उलटं केल्यावर. व्यापाऱ्याला पत्र न लिहिता उपास धरणं हे एक उलटं. पहाटे तीनला सुताच्या भावावर तोडगा काढत पडणं हे दुसरं.

सोलापूरकरांना हे खरं तर शिकवावं लागू नये. उजनी धरण भरलेलं असतं आणि आपल्या नळाला पाणी काही दिवसांनी येतं. आपण काय करतो? पिंप, टाकी, हंडे भरून झाकून ठेवतो, आणि मधल्या दिवसांत नळाकडे बघत बसत नाही. (ज्यांच्याकडे पाणी अपरात्री सोडतात त्यांनी मला शिव्या द्यायला हरकत नाही.) पण यात एक बारकावा आहे. नळाला निदान वार आहे, व्यापाऱ्याला नाही. केव्हा ते माहीत असलेला त्रास सोसवतो. कधीही येऊ शकणारा त्रास अंगातली घंटा सतत वाजती ठेवतो. म्हणून व्यापाऱ्यालाही वार लावा. फोन फक्त सोमवारी सकाळी अकराला, आणि तो यजमानांनी करायचा. बाकी सहा दिवस त्याचा विषय निघाला तर “सोमवारी” एवढंच म्हणायचं.

काळजीलाही असाच वार नाही, पण वेळ लावता येते. संध्याकाळी सहा ते साडेसहा वही घेऊन बसा, आणि जेवढी करायची तेवढी काळजी लिहून करा. पहाटे जाग आली नि मन सुरू झालं की त्याला सांगायचं, सहाला ये. पहिले काही दिवस ते ऐकणार नाही. उशाशी कागद ठेवा, एक शब्द खरडा, ‘हप्ता’, ‘फी’, काही, आणि कागद उलटा करा. पहाटेच्या त्या विचारांना फार मान देऊ नका. रात्रीच्या उत्तरार्धात शरीरातलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक उठायच्या तयारीला म्हणून आपोआप वाढू लागतं, आणि त्यावेळी समोर करण्यासारखं काही नसतं. तोच हप्ता सकाळी दहाला, चहा पिऊन, तेवढाच असतो पण तसा दिसत नाही.

लिहिण्यावरून आणखी एक. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल मोकळं लिहायला लावलं. लिहिताना त्यांना वाईटच वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत, साध्यासुध्या विषयावर लिहिणाऱ्यांपेक्षा, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तुम्हाला लिहायची सवय आहे, फक्त तुमच्या वहीत आजवर आकडेच आहेत. चार दिवस पाटल्यांबद्दल लिहा. आई त्या कधी घालायची, तुम्हाला कधी दिल्या, तारण ठेवायला कोण गेलं, त्या काउंटरवर काय वाटलं. कुणाला दाखवायचं नाही. झाल्यावर फाडून टाकलं तरी चालेल.

राहिली जाऊ. तिच्यावर तुमचा राग आहे, आणि तो मी समजू शकते, पण गड्ड्यावरच्या भज्यांचा आरोप मला मान्य नाही. मघाच्या त्या फोकमनबाईंनी पुढे सॅन फ्रान्सिस्कोत एक मोठा अभ्यास केला. एड्सवर परिणामकारक औषध नव्हतं त्या काळात मरणाच्या दारातल्या जोडीदाराची सेवा करणाऱ्या माणसांचा. सुरुवातीला त्यांना विचारायचे ते फक्त दुःखाचे, त्रासाचे प्रश्न. थोड्याच दिवसांत ती माणसंच म्हणाली, आमच्या दिवसात जे बरं घडतं ते तुम्ही विचारतच नाही. प्रश्न बदलले, आणि जवळपास प्रत्येकानं काही ना काही सांगितलं: कुणी केलेली स्तुती, चांगलं जमलेलं जेवण, एखादा सूर्यास्त. मरण समोर असताना. त्यांना परिस्थिती कळत नव्हती असं कोण म्हणेल? त्या बऱ्या क्षणांवर ती माणसं पुढच्या दिवसाला उभी राहत होती.

मी स्वतः, ह्यांचा बायॉप्सीचा रिपोर्ट यायचा होता तेव्हा आठ दिवसांत घरातले झाडून सगळे डबे घासले. शेंगाचटणीचा डबा दोनदा. बघणाऱ्याला वाटलं असेल, बाईला नवऱ्याचं काही नाही. जावेची झोपही तशीच काही असू शकते, किंवा तिला खरंच आकडे माहीत नसतील, किंवा ती जात्याच झोपाळू असेल. दुरून मी कशी सांगू? तुम्हाला मात्र विचारता येईल. आणि विचारण्याआधी तिला वही दाखवा. सगळी नको, या महिन्याचं पान. हिशोबाचं निम्मं काम, निदान बँकेत जायचं, तिच्याकडे द्या. तुम्ही एकट्या जाग्या आहात याचं एक कारण असंही असेल की वही तुम्ही कुणाला बघू दिली नाही. हे जरा कडू लागेल, पण वहीवाल्या बायकांची ही खोड मला ओळखीची आहे. माझी आई वळलेल्या विड्यांचे हजार मोजताना कुणाला शेजारी बसू द्यायची नाही.

यजमानांना एवढंच सांगा की उपाय नको, दहा मिनिटं ऐका. “टेन्शन घेऊ नको”च्या जागी त्यांना दुसरं वाक्य हवं असेल तर हे द्या: “यातलं मी काय करू?”

आणि छाती. मी ताणाबद्दल इतकं लिहिलं म्हणून ती ताणाचीच आहे असं धरून चालू नका. बायकांचं हृदयाचं दुखणं कित्येकदा “टेन्शन असेल” म्हणून घरातच मुरतं. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा: ईसीजी, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड. पाळी अनियमित झाली असेल तर तेही सांगा, या वयात पहाटेची जाग तिच्यामुळेही येते. चालताना छातीत दाटलं, हाताकडे किंवा जबड्याकडे कळ गेली, दरदरून घाम आला, तर आठवड्याची वाट बघायची नाही, त्याच तासाला जायचं. तपासण्या चांगल्या निघाल्या आणि तरी दोन-तीन आठवड्यांत झोप परतली नाही, कशातच जीव रमेना, किंवा नको तो विचार मनात आला, तर सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर रात्रंदिवस, पैसे न घेता, मराठीतून बोलते. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. पहाटे तीनला सुद्धा तिथं कुणी तरी जागं असतं.

ईसीजीला जाताना जावेलाच बरोबर न्या. रांगेत बराच वेळ मिळतो.